नुसतं 'आर्म' लिहून भागत नाही, राजेहो

डाउनलोडच्या पानावर प्रोग्रॅमच्या फाइलीपुढे नुसतं 'आर्म' (प्रोसेसरच्या एका घराण्याचं नाव) लिहून मोकळे होणाऱ्यांचा मला मनापासून संताप येतो. कोणता आर्म, बाप्पा? रास्पबेरी पाय हा छोटा, एका बोर्डावरचा कॉम्प्युटरच घ्या. पहिल्या पायमध्ये आणि मूळ पाय झिरोमध्ये आर्म-व्ही६, म्हणजे आर्मची सहावी आवृत्ती आहे. सुरुवातीच्या पाय २ मध्ये व्ही७ चा कॉर्टेक्स-ए७ प्रोसेसर, पाय ४ मध्ये व्ही८ चा कॉर्टेक्स-ए७२. व्ही७ साठी बांधलेली फाइल झिरोवर टाकली की 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' (ही आज्ञा प्रोसेसरला कळतच नाही) म्हणून प्रोग्रॅम जागीच मरतो. त्यात डेबियन या लिनक्स सिस्टीमच्या 'आर्मएचएफ' नावाच्या ३२ बिट आर्म प्रकाराला किमान व्ही७ लागतं, अन् पायच्या ३२ बिट सिस्टीमचा 'आर्मएचएफ' व्ही६ वरही चालतो. नाव तेच! माणसाने ओळखायचं कसं?

"मग सोर्स कोडवरून स्वतः बिल्ड कर ना," असं शहरात बसून सांगणं सोपं आहे. काटोलकडे संत्र्याच्या बागेत ओलावा मोजून ठिबकचा पंप चालवायचा आहे आम्हाला. ५१२ एमबी रॅमच्या बोर्डावर मोठं काही कंपाइल करायचं तर रात्र जाते, आणि मधातच लाइन जाते. तयार सिस्टीमची इमेज उतरवावी तर रोजचा डेटा पॅक एका फाइलीतच संपतो. एक चुकीचा पर्याय म्हणजे आमची अख्खी रात्र वाया.

आणि बिल्ड करताना कंपायलरला द्यायचे पर्याय तरी धड आहेत का? जीसीसी या कंपायलरला आर्मवर 'एमसीपीयू' दिलं की आर्किटेक्चर (कोणत्या आज्ञा वापरायच्या) आणि ट्यूनिंग (कोणत्या चिपवर वेगात चालावं) दोन्ही ठरतं. इंटेल प्रोसेसरसाठीच्या जीसीसीत तोच शब्द फक्त ट्यूनिंगपुरता, तोही कालबाह्य. ३२ बिट आर्मला दशांशाची गणितं करणारं युनिट सांगणारा 'एमएफपीयू' चालतो, ६४ बिट आर्मचा जीसीसी तो घेतच नाही. कोणी सल्ला देतं, पाय ४ व्ही८ आहे ना, 'क्रिप्टो' जोडून टाक. अरे, त्या चिपमध्ये एईएस या एनक्रिप्शनच्या इन्स्ट्रक्शन नाहीतच! कंपायलर मुकाट्याने बांधून देतो, आणि एनक्रिप्शनची पाळी आली की सगळं कोसळतं.

सगळ्यात जास्त डोकं फिरवतात त्या इन्स्टॉल स्क्रिप्टा. पाय ४ वर आता ३२ बिट सिस्टीमलाही ६४ बिटचा कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, येतो. 'युनेम' या कमांडने विचारलं की तो 'एआर्च६४', म्हणजे ६४ बिट आर्म, असं सांगतो. स्क्रिप्ट तेवढंच बघते, ६४ बिटची फाइल आणून ठेवते, आणि चालवायला गेलं की सिस्टीम म्हणते फाइल सापडत नाही. फाइल तर डोळ्यांसमोर पडून आहे! सापडत नाही तो प्रोग्रॅम सुरू करून देणारा ६४ बिटचा लोडर, पण हे नवख्या पोराला कोण सांगणार? 'डीपीकेजी' या पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रॅमला आर्किटेक्चर विचारलं असतं तर 'आर्मएचएफ' असं खरं उत्तर एका ओळीत मिळालं असतं. तेवढी ओळ लिहायचे कष्ट का घेत नाही तुम्ही?

व्ही६ की व्ही७, ३२ की ६४, हार्ड फ्लोट की सॉफ्ट (दशांशाची गणितं चिप करते की सॉफ्टवेअर), हे फाइलीच्या नावातच लिहा. ज्या पर्यायांनी बांधलं ती ओळ जशीच्या तशी पानावर टाका. बिल्ड करताना ती तुमच्या स्क्रीनवर असतेच ना? मग आमच्यापासून लपवून कायले ठेवता?