फणस न फोडता

उन्हाळ्यात कोकणात बहिणीकडे जाणाऱ्याने आपली पदवी घरी कुलपात ठेवून जावं. माझी फिजिक्सची आहे. पोटापाण्यासाठी मी पतसंस्थेत लोकांचे थकलेले हप्ते मोजतो, पण गुहागरात ताईने सगळ्या आळीला सांगून ठेवलंय, "आमचा भाऊ फिजिक्सवाला!" त्यामुळे समुद्रावर जायला खांद्यावर टॉवेल टाकला रे टाकला की भाची वही घेऊन पडवीत आडवी. सीईटी तोंडावर आलेली.

"मामा, बंदिस्त पृष्ठभागातून बाहेर पडणारा एकूण फ्लक्स दिलाय, २.२६ × १०⁵. आतला चार्ज काढायचाय. पण आत काय आहे ते दिलंच नाहीये."

"ते द्यायचं नसतंच," म्हणत मी टॉवेल खुंटीला अडकवला. गाऊसच्या नियमाची मजा तीच. आत डोकवायचं नाही. विद्युत क्षेत्र पृष्ठभागातून बाहेर किती गेलं आणि आत किती आलं, याची वजाबाकी करायची; तोच फ्लक्स. तिला एप्सिलॉन नॉट या ठरलेल्या आकड्याने, म्हणजे ८.८५ × १०⁻¹² ने गुणायचं. आला चार्ज, दोन मायक्रोकूलोम. संपलं.

पडवीत आम्ही दोघंच असतो तर संपलं असतं. पण भावोजी सुपाऱ्या सोलत बसले होते आणि ताईच्या सासूबाई, माई, डोळे मिटून सगळं ऐकत होत्या.

"पृष्ठभाग म्हणजे गोलच लागतो का?" भावोजी.

"कसलाही चालतो. खोका, पिंप, काहीही. फक्त कुठे भोक नको."

माईंनी डोळे न उघडता कोपऱ्याकडे बोट केलं. "हा चालेल?"

फणस होता. चालेल म्हणजे काय! या गणितात पृष्ठभागाच्या प्रत्येक तुकड्यावर बाहेरच्या दिशेने एक लंब बाण काढावा लागतो आणि पोरं नेमकी बाणाची दिशा विसरतात. फणसावर ती सोय जन्मजात आहे. मी भाचीला म्हटलं, क्षेत्र काट्याच्या दिशेने गेलं तर अधिक, काट्याविरुद्ध आत घुसलं तर उणे, तिरकं गेलं तर कोनाच्या हिशेबाने कमी, म्हणजे कोसाइन थीटा. तिने एका काट्यावर बोट दाबून पाहिलं आणि मान डोलावली. वर्षभर क्लासची फी भरून जे झालं नव्हतं ते झालं.

माईंनी मात्र भलतंच मनावर घेतलं. "म्हणजे न फोडता आतलं कळतं? मग हा काप्या की बरका?"

"माई, फक्त चार्ज कळतो."

"बरं, गरे किती?"

मी समजावलं की हा नियम फक्त बेरीज सांगतो. आत पाच अधिक आणि तीन उणे असोत की नुसते दोन अधिक, बाहेर उत्तर दोनच येणार. कुठे बसलेत, तेही कळणार नाही. अधिक-उणे सारखे असतील तर फ्लक्स शून्य, मग आत कितीही गर्दी असो.

"एवढं शिकून नुसती बेरीज?" म्हणत माई उठल्या, फणसावर दोन टिचक्या मारल्या, कान लावला. "बरका. परवा पिकेल." एप्सिलॉन नॉट लागला नाही.

भावोजींची अडचण वेगळी होती. चार्ज शेजारच्या आवारात असला तर? मी सांगितलं, त्याचं क्षेत्र एका बाजूने शिरतं, दुसऱ्या बाजूने निघून जातं, निव्वळ शून्य. पृष्ठभागावरचं क्षेत्र त्याच्यामुळे बदलतं, एकूण फ्लक्स नाही. भावोजींचा शेजाऱ्यांशी बांधावरून जुना दावा आहे. ते म्हणाले, "म्हणजे त्रास होतो, पण हिशेबात धरत नाहीत." याहून नेमकं वाक्य मी पाठ्यपुस्तकात वाचलेलं नाही.

मग गाऊस कोण, कुठला, याची चौकशी झाली. गाऊस जर्मन, पण त्याच्याही आधी, १७७३ साली, लाग्रांजने गुरुत्वाकर्षणाच्या संदर्भात हेच मांडलं होतं, असं मी बोलून गेलो.

"वहिवाट एकाची, सातबारा दुसऱ्याचा," भावोजी म्हणाले आणि गाऊसबद्दल त्यांना एकदम आपुलकी वाटू लागली.

एवढ्यात भाचीने पान उलटलं. "चार्ज घनाच्या कोपऱ्यावर असला तर?"

हे तोंडी सांगून कोणालाच कळत नाही. एसटीने मुंबईला धाडायचे आंब्याचे खोके बांधून तयार होते. त्यातले आठ मी उचलले, चार खाली, चार वर, आणि आठांचे कोपरे जुळतात तिथे भावोजींची एक सुपारी. खोके काही घन नव्हेत, पण कोपरे काटकोनात होते. आठवा हिस्सा पटवायला तेवढं पुरतं. कोपऱ्याला चिकटलेल्या तीन बाजूंतून फ्लक्स शून्य, कारण क्षेत्र त्यांना घासून जातं. खऱ्या घनात उरलेल्या तिघींना प्रत्येकी चोविसावा हिस्सा. भाची टाळ्या वाजवत होती, तेवढ्यात ताई बाहेर आली. पुढचा अर्धा तास ती जे बोलली ते सगळं एकाच दिशेने, माझ्याकडे.

संध्याकाळी शेजारचा मुलगाही वही घेऊन आला. बांधाचा दावा अभ्यासाला लागू नाही म्हणे. त्याला चुंबकाचं प्रकरण हवं होतं. चुंबकाला एकटा ध्रुव सापडलेला नाही, त्यामुळे पृष्ठभाग कसलाही घ्या, निव्वळ फ्लक्स कायम शून्य. मी टॉवेल खांद्यावरून न काढताच उत्तर दिलं आणि समुद्राकडे निघालो.