दूध प्यायलं की डायक्लोफेनॅक बाधत नाही?

‘डायक्लोफेनॅक दुधासोबत घ्या, पोटाला काही होत नाही’ असा या वेदनाशामक गोळीबद्दलचा मेसेज सध्या फिरतोय. तो अर्धाच खरा आहे, आणि उरलेला अर्धा धोक्याचा.

जेवणानंतर किंवा दुधासोबत गोळी घेतली तर मळमळ, जळजळ कमी होते, हे खरं. पण अल्सर केवळ गोळी पोटात टोचल्याने होत नाही. ही गोळी शरीरातलं प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य कमी करते, आणि जठराच्या अस्तराचं रक्षण तेच करतं. औषध रक्तातून काम करतं, म्हणून इंजेक्शननेही अल्सर होऊ शकतो. तिथे दूध काय करणार? गोळीच्या जोडीला दारू घेतली तर रक्तस्रावाचा धोका आणखी वाढतो.

मला जास्त काळजी वाटते ती घरातल्या वडीलधाऱ्यांची. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन, सोबत लघवी वाढवणारी गोळी, आणि गुडघे दुखतात म्हणून वर डायक्लोफेनॅक: या तिघांनी मिळून मूत्रपिंड अचानक निकामी होऊ शकतं. रक्त पातळ करणारं वॉरफेरिन चालू असेल तर रक्तस्रावाची भीती. हृदयविकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका.

डेंग्यूची शंका असेल तरी ही गोळी नको; तापाला पॅरासिटामॉल, तेही ठरलेल्या मात्रेतच.