पंचेचाळिसावा, पण खाली पोचलेला

तुमच्या लेखात हिवाळी ऑलिंपिकमधल्या भारताच्या शून्य पदकांचा हिशेब मांडलाय, तो बरोबरच आहे. पण बीजिंग २०२२ ला आपला एकुलता एक खेळाडू होता गुलमर्गचा स्कीपटू आरिफ खान. त्याला एका ओळीत गुंडाळलंत, ते खटकलं. वडिलांचं स्कीच्या सामानाचं दुकान, चौथ्या वर्षापासून पायात स्की. २०१८ ची संधी पैशांअभावी हुकली, तरी गडी हटला नाही. जायंट स्लॅलममध्ये (बर्फाच्या उतारावर रोवलेल्या खांबांच्या गेटांमधून वळणं घेत दोनदा उतरायची शर्यत) तो पंचेचाळिसावा आला. हसणाऱ्यांनी ती शर्यत आठवावी: सारखा बर्फ पडत होता, पुढचं गेट धड दिसत नव्हतं, निम्म्याच्या आसपास स्पर्धक बाद झाले. हा दोन्ही फेऱ्या उतरला. त्याची दुसरी शर्यत, स्लॅलम (हिच्यात गेटं आणखी जवळजवळ असतात), मात्र अपुरी राहिली.

मी पुण्याचा. चाळिशी उलटल्यावर गुलमर्गच्या नवशिक्यांच्या उतारावर स्की शिकलो. पहिले तीन दिवस नुसता पडत होतो (सौ.कडे व्हिडिओ आहेत!). त्या वेगात गेटांमधून वळणं घेताना गुडघ्यांचं काय होतं, ते मला विचारा.

आणि हो, स्कीपटू आंचल ठाकूरवरही लिहा की. २०१८ मध्ये तुर्कस्तानात तिनं मिळवलेलं कांस्य कितीजणांना ठाऊक आहे?