गाडी भंगारात द्यायची नाहीये

काल सकाळी शेडमध्ये गेलो तर माझ्या पिकअप ट्रकच्या हौद्यात एक वॉशिंग मशीन उभं होतं. आमचं नव्हे. दाराची काच तडकलेली, पाण्याचा पाइप अंगाभोवती गुंडाळलेला, आणि उभं कुठे, तर डाव्या कोपऱ्यात. ठेवायचंच होतं तर निदान उजव्या चाकावर तरी ठेवायचं! पण ते नंतर सांगतो.

मशीन शेजारच्या काकांचं. रात्री जावयाला कामाला लावून त्यांनी ते परस्पर चढवलं होतं. मी डोक्याला हात लावून उभा असतानाच काका आले. चेहऱ्यावर उपकार केल्याचं समाधान.

"भंगारवाला किती वाजता येतोय?"

"कुठला भंगारवाला?"

"हे न्यायला." त्यांनी ट्रककडे हात केला. "म्हटलं, एवढं जातंच आहे तर त्यात आमचंही जाऊ दे. वजनावर घेतात ना? तुझाच फायदा."

"काका, ही गाडी भंगारात द्यायची नाहीये. ही रेसची गाडी आहे. ड्रॅग रेस, म्हणजे सरळ रेषेत सुसाट शर्यत."

घरातल्या माणसाच्या आजाराचं नाव डॉक्टरांनी पहिल्यांदा उच्चारावं आणि ते ऐकून माणसाचा चेहरा व्हावा, तसा काकांचा झाला. मग ते सावरले. काका आयुष्यभर ऑडिटमध्ये होते. कुठलीही गोष्ट तपासल्याशिवाय मान्य करायची नाही आणि तपासल्यावर तर मुळीच करायची नाही, हा त्यांचा खाक्या. हात पाठीमागे बांधून त्यांनी ट्रकभोवती प्रदक्षिणा सुरू केली.

"बॉनेट कुठंय?"

"काढलंय. टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, त्याच्याखाली मावत नाही."

"म्हणजे इंजिन उघड्यावर."

"हो."

"शेजारची सीट?"

"काढली. वजन कमी होतं."

"रेडिओ? हीटर? दाराच्या आतलं ते पुठ्ठ्याचं असतं ते?"

"काढला, काढला, काढलं."

"पुढचा बंपर?"

"तो मुळात नव्हताच. गाडी भंगारातून आणली तेव्हापासून नाही."

इथे काका थांबले. फायलीत हवा तो कागद सापडला की ऑडिटर थांबतो. "म्हणजे भंगारातूनच आणलीस ना?"

"हो, पण..."

"मग मी वेगळं काय म्हणतोय?"

मी म्हटलं, इंजिन दुसऱ्या गाडीतलं आहे. गिअरबॉक्स तिसऱ्या. टर्बो एका डिझेल ट्रकचा. मला वाटलं, याने गाडीची इभ्रत वाढेल. काकांच्या हिशेबात मात्र चार गाड्यांचं भंगार एका जागी जमा झालं. ते मागच्या चाकापाशी वाकले.

"हे टायर तर पार गोटा झालेत."

"ते गोटाच असतात काका. स्लिक म्हणतात त्यांना. नक्षी असते ती पाणी बाजूला काढायला. ट्रॅक कोरडा असतो, तिथं नक्षी नकोच. जेवढं रबर जमिनीला टेकेल तेवढी पकड."

"हवाही नाही यांच्यात."

"मुद्दाम कमी ठेवलीये. साध्या गाडीत तीस-पस्तीस पौंड असते, यात पंधराच्या आसपास. गाडी सुटताना टायरची बाजू सुरकुतते, टायर जमिनीला चिकटून बसतो."

"आणि पुढचे एवढे बारीक?"

"पुढच्यांना काही काम नसतं."

काकांनी सुस्कारा सोडला. खरं सांगायचं तर माझी चिडचिड इथूनच सुरू झाली. या गाडीतली प्रत्येक उणीव मी घाम गाळून, हात कापून घेऊन मिळवलेली आहे. नुसतं डॅशबोर्डमागचं हीटरचं खोकं काढायला किती वेळ जातो, ते ज्यानं काढलंय त्यालाच ठाऊक. कारखान्यात बहुतेक आधी हीटर टांगतात आणि मग त्याच्याभोवती गाडी बांधतात. आणि एवढं करून बघणाऱ्याला दिसतं काय? सोडून दिलेली गाडी. महागडी रेसची गाडी रंगवलेली असते, तिच्यावर आकडे असतात, त्यामुळे तिच्यात सीट नसली तरी लोक "वा" म्हणतात. माझ्या गाडीचे दरवाजे दोन रंगांचे आहेत, म्हणून सीट नसणं ही गरिबी ठरते.

"पण वजन एवढं कमी का करायचं?" काकांनी विचारलं. प्रश्न बरा होता, म्हणून मी नीट समजावलं. पिकअपचं सगळं वजन पुढे. इंजिन पुढे, केबिन पुढे, मागे रिकामा हौदा. ढकलतात मात्र मागची चाकं. त्यांच्यावर भारच नाही, म्हणून ती जागच्या जागी गरगरतात आणि नुसता धूर निघतो. म्हणून पुढचं वजन काढायचं आणि मागे वाढवायचं. बॅटरीसुद्धा उचलून मी हौद्यात नेली.

"मागे वाढवायचं?" काकांचे डोळे चमकले. "मग मशीन मागेच ठेवलंय की!"

"पण डावीकडे!" मी ओरडलो.

मला ओरडायचं नव्हतं. पण इंजिनाचा पीळ शाफ्टमधून मागच्या ॲक्सलपर्यंत पोचतो तेव्हा तो ॲक्सलला एका अंगाला पिळतो. डावं चाक दाबलं जातं आणि उजवं हलकं होतं. म्हणून जगात जो कोणी अशा गाडीत बॅटरी मागे नेतो, तो ती उजव्या चाकावर ठेवतो. एखाद्यानं आपल्या गाडीत परस्पर अडगळ आणून टाकावी, हे मी एक वेळ समजू शकतो. ती चुकीच्या चाकावर टाकावी, हे मात्र जिव्हारी लागतं.

शिवाय असलं वजन चालतही नाही. ड्रॅग रेसिंगच्या नियमांत सुट्टं वजन साफ मना आहे. वाळूच्या पिशव्या नकोत, दगड नकोत, पाणी नको. जे ठेवाल ते बोल्टनं पक्कं आवळलेलं पाहिजे. बॅटरी मागे नेलीत तर बाहेरून, गाडीच्या मागच्या बाजूनं वीज तोडता येईल असं बटण पाहिजे, आणि बंद कुठल्या बाजूला ते त्याच्यावर लिहिलेलं पाहिजे. हे नियम ज्यांच्याकडून जगभर उचलले जातात ती अमेरिकेतली एनएचआरए ही संस्था वॉली पार्क्स नावाच्या गृहस्थांनी १९५१ साली काढली, तीच मुळी रस्त्यावर बेफाम शर्यती लावणाऱ्या पोरांना ट्रॅकवर आणण्यासाठी. पाव मैल १३.९९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर कापलात तर हेल्मेट, ११.४९ च्या आत गेलात तर केबिनमध्ये रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणारी पोलादी कमान. म्हणजे जितके लवकर पोचाल तितकं पुन्हा गाडीत भरा. इतकं काढून झाल्यावर!

आता भंगारवाल्यांविषयी बोलतोच, विषय निघालाय तर. आख्खी गाडी विकायला न्या, ती "लोखंड" असते. त्याच गाडीतला आल्टरनेटर मागायला जा, तो "ओरिजिनल पार्ट" होतो. मधल्या काळात त्याच्यावर फक्त पाऊस पडलेला असतो. आणि प्रत्येक वस्तू "चालू कंडिशन". मला हवं होतं ते ५.३ लिटरचं, आठ सिलिंडरांचं व्ही-८ इंजिन, जनरल मोटर्सच्या पिकअपमध्ये १९९९ पासून बसवलेलं. ते लाखोंनी निघालं म्हणून अजून सापडतं. १९९७ च्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारमध्ये जे इंजिन आलं त्याच्याच घराण्यातलं, फक्त ते ॲल्युमिनियमचं आणि हे बिडाचं. बिडाचं म्हणजे जड, म्हणून शौकीन मंडळी नाक मुरडतात आणि माझ्यासारख्यांचं फावतं. टर्बोचा दाब सोसायला बीडच बरं. तर हे इंजिन चिखलात आडवं पडलेलं, वायरी कापलेल्या, आणि मालक सांगतोय, "चालू कंडिशन." चालू? कुठे? जमिनीवर?

अशा वेळी दोन गोष्टी बघायच्या. तेलाची कांडी ओढायची. तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय, नमस्कार करून निघायचं. मग पुढच्या पुलीच्या बोल्टला लांब पाना लावून क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, हातानं फिरवून बघायचा. फिरला तर जीव आहे. तो फिरला. एग्झॉस्टचे बोल्ट मात्र फिरले नाहीत. त्यांच्यावर तेल सोडलं, बत्ती लावली, आर्जवं केली. मागचा सगळ्यात अडचणीतला होता तो डोकं हातात देऊन मोकळा झाला, धड आतच ठेवून. तो तिथेच तुटतो, नेहमी तिथेच, आणि तिथे ड्रिल शिरत नाही.

मग रिंगा. टर्बो लावला की सिलिंडरातली उष्णता वाढते, पिस्टनच्या रिंगा प्रसरण पावतात, आणि रिंगेची दोन टोकं एकमेकांना भिडली की पिस्टनचा वरचा काठच तुटून येतो. म्हणून इंजिन उघडून प्रत्येक रिंगेचं टोक थोडं थोडं घासून फट वाढवायची. आठ पिस्टन, प्रत्येकाला दाबाच्या दोन रिंगा, शिवाय प्रत्येक रिंग आपापल्या सिलिंडरात घालून फट मोजायची, काढायची, पुन्हा घासायची. त्या दिवसांत काका कुंपणावरून वाकून म्हणाले होते, "रात्री नखं घासतोस का रे? आवाज येतो."

असो. काल काका प्रदक्षिणा संपवून उभे राहिले आणि त्यांनी ऑडिटचा दुसरा भाग उघडला.

"धावते किती वेळ?"

"तेरा सेकंद. बारा झाले तर उत्तमच."

"मिनिटं?"

"सेकंद. पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. पहिले साठ फूट महत्त्वाचे, बाकी इंजिन बघून घेतं."

"आणि मग?"

"मग थांबायचं."

"परत?"

"बाजूच्या रस्त्यानं सावकाश परत."

"वळते तरी का?"

हा घाव वर्मी होता. मागच्या दोन चाकांना वेगवेगळं फिरू देतो तो डिफरन्शियल. त्याच्यातले छोटे गिअर मी वेल्डिंग करून एकमेकांना जोडून टाकलेत, म्हणजे मागची दोन्ही चाकं बरोबरीनं फिरतात आणि हलकं चाक एकटंच गरगरत नाही. सरळ जायला झकास. वळताना आतल्या चाकाला कमी फिरायचं असतं, त्याला ते जमत नाही, आणि टायर किंचाळतात. गेल्या आठवड्यात फाटकातून गाडी आत घेताना काकू बाहेर धावत आल्या होत्या. त्यांना वाटलं मांजर सापडलं चाकाखाली.

"वळते," मी म्हटलं.

"जिंकणार कशी? तुझ्यापेक्षा भारी गाड्या असतील ना?"

इथे मला वाटलं, आता काकांना पटेल. म्हणून मी ब्रॅकेट रेसिंग समजावलं. आधी लिहून द्यायचं की माझी गाडी इतक्या सेकंदांत पोचणार. सावकाश गाडीला तेवढा वेळ आधी सोडतात. सुरुवातीच्या रेषेपाशी खांब असतो, त्यावर पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदानं खाली येतात, मग हिरवा. हिरव्याआधी हललात तर लाल आणि तुम्ही बाद. आणि लिहून दिलं त्याहून लवकर पोचलात तरी हरलात. त्यामुळे शेवटी जिंकतो तो सांगितल्या वेळेला पोचणारा. वेगाचं तिथे एकट्याचं चालत नाही. साधी, गरीब गाडीसुद्धा भल्याभल्यांना हरवू शकते.

काकांनी सगळं शांतपणे ऐकलं. "म्हणजे हळू गेलं तरी जिंकता येतं?"

"येतं!"

"मग सीट कशाला काढलीस?"

याला उत्तर आहे. नक्की आहे. पण तोपर्यंत काका वळून घराकडे निघाले होते, आणि ऑडिटरच्या पाठीला उत्तर देता येत नाही.

संध्याकाळी मशीन उतरवायला एकटाच झटलो. उतरेना, म्हणून हौद्यातच उघडलं. या पुढून दार असलेल्या मशीनच्या पोटात काँक्रीटचा चांगला जाडजूड ठोकळा असतो, ड्रम जोरात फिरताना मशीननं घरभर हिंडू नये म्हणून. ठोकळा शाबूत होता आणि त्याला बोल्टची भोकं आयती होती. मी तो हातात घेऊन उजव्या चाकाच्या बाजूला नुसता धरून बघत होतो, तेवढ्यात कुंपणावरून आवाज आला.

"कामाचं निघालं का काही? मग ते आमचं हं. मशीन आमचं होतं."

सकाळी ज्याचं वजन मला बहाल केलं होतं, त्याच्यावर संध्याकाळी हक्क! मी ठोकळा खाली ठेवला. दुसऱ्याच्या गाडीला अडगळ समजायचं, आणि त्या अडगळीतून काही निघालं की वारसदार म्हणून पुढे यायचं, ही कुठली रीत? भावकीत असल्यासारखं वागतात लोक. माझे मित्रही यातलेच. एकानंही आजवर विचारलं नाही की साठ फुटांना किती वेळ लागतो. सगळे विचारतात, रविवारी मोकळा आहेस का, थोडं सामान हलवायचं होतं. बॅटरी, तिची पेटी, इंधनाची टाकी आणि जाड नळ्यांनी हौदा भरलाय, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांना गाडी सुटताना उड्या मारू नयेत म्हणून लोखंडी पट्ट्या ठोकल्यात, टायरमध्ये पंधरा पौंड हवा आहे. सांगतो सगळं. समोरचा मान हलवतो आणि म्हणतो, "जास्त नाही रे, एक फ्रिज आणि पलंग."

आज काकू आल्या. मशीनबद्दल चकार शब्द नाही. मुलीकडे कपाट पोचवायचंय म्हणाल्या. मी बॅटरी, पाटे, टायर, टर्बो, वळताना किंचाळणारी चाकं, सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि कपाट उभं न्यायचं की आडवं, एवढंच विचारलं.