तक्रार निकाली, शेड जागेवर

'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. धन्यवाद.' हा मेसेज मी शेडखाली उभा राहून वाचला. इमारतीच्या सामासिक अंतरात, म्हणजे जिथून अग्निशमनाची गाडी जायची तिथे, खालच्या दुकानदाराने ठोकलेलं हे पत्र्याचं शेड. माझी तक्रार या शेडचीच होती. महापालिकेचे आभार मानावेत, तर निदान पावसात भिजलो नाही.

कार्यालयात लिपिकभाऊंनी नोंदवही उघडली.

"निकालीच आहे काका. अतिक्रमण विभागाकडून बांधकाम विभागाकडे वर्ग केली. आमच्याकडून संपली."

"मग बांधकाम विभागाने काय केलं?"

"त्यांचं उत्तर नाही. त्यांना पत्र दिलंय. परवानगी आहे का, विचारलंय."

"तिथे कोण बघतं?"

"कनिष्ठ अभियंता साहेब."

"आणि इथे?"

"साहेबच. अतिरिक्त कार्यभार."

"म्हणजे साहेबांनी स्वतःला पत्र लिहिलं?"

"स्वतःला कशाला लिहितील? विभागाला लिहिलंय." भाऊ दुखावले. "जावक क्रमांक आहे, आवक क्रमांक आहे. स्मरणपत्रही गेलंय. जरा कडक भाषेत."

टेबलावर पेढ्यांच्या रिकाम्या डब्यात तीन रबरी शिक्के होते. तिसरा कुठल्या विभागाचा, ते विचारायचं धाडस झालं नाही.

साहेबांवर राग धरून उपयोग नाही, हे कळतं. राग येतोच. आकृतीबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या आराखड्यात, पदं कागदावर असतात, माणसं महिन्याच्या शेवटच्या दिवशी हार-नारळ घेऊन निवृत्त होतात. नवं पद हवं तर राज्य सरकारची मंजुरी. मंजूर पद भरायचं तर आस्थापना खर्च 35 टक्क्यांच्या आत हवा, बिंदुनामावली, म्हणजे कुठलं पद कुठल्या आरक्षणाचं याची यादी, तपासून हवी. ठेक्यावर माणूस मिळतो, पण तो फोटो काढेल, टेप धरेल; नोटिशीवर सही करायला पदनिर्देशित, म्हणजे त्यासाठी नेमलेला, अधिकारीच लागतो. आणि तो निवडणुकीच्या कामाला गेलेला असतो.

कायद्यात दात भरपूर आहेत. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 चं कलम 260: बांधकाम का पाडू नये, याची कारणं दाखवा. काम चालू असेल तर 267: माणसंच जागेवरून हटवता येतात. प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 52 मध्ये किमान एक महिना ते तीन वर्षं कैद, शिवाय दोन ते पाच हजार रुपये दंड. एवढ्या दंडात शेडचे खांबसुद्धा येत नाहीत. पुन्हा महानगरपालिका अधिनियमात, कलम 267अ खाली मालमत्ता कराच्या दुप्पटीपर्यंत शास्ती. ती भरली म्हणून बांधकाम नियमित होत नाही, असं त्याच कलमात लिहिलंय. पण पावती मिळाली की माणूस ती फ्रेम करून गल्ल्यामागे लावतो आणि वीजवाल्यापासून बँकवाल्यापर्यंत सगळ्यांना दाखवतो.

म्हणून तक्रार खड्डे खणताना करायची, पत्रे चढल्यावर नाही. तारखेसह फोटो, सिटी सर्व्हे नंबर, मंजूर नकाशाची प्रत आणि मालकाचं नाव. नाव महत्त्वाचं. नोटीस मालकाऐवजी भाडेकरूच्या नावाने निघाली, किंवा चिकटवल्याचा पंचनामा नसला, की वकील पहिलं बोट तिथेच घालतो आणि दिवाणी न्यायालयातून स्थगिती आणतो. पुढे फाइलवर 'न्यायप्रविष्ट' लिहिलं की सगळ्यांचीच सुटका. महापालिकेने आधी कॅव्हेट, म्हणजे 'आमचं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका' असा अर्ज, दाखल केलं तर निदान एकतर्फी स्थगिती टळते. पण कॅव्हेटचं टिपण विधी विभागाकडे पाठवायचं कोणी? साहेबांनीच.

(मी हे सगळं पत्रे चढल्यावर शिकलो.)

निघताना भाऊंना माझी दया आली असावी. आवाज खाली आणून म्हणाले, "काका, शेडवर पाणी साचतं का?"

"साचतं की."

"मग नवी तक्रार टाका. 'अतिक्रमण' लिहू नका, 'डास' लिहा. आरोग्य विभागात माणूस भरलाय."

टाकली. दुसऱ्याच दिवशी सकाळी पाठीवर पंप घेतलेला माणूस आला, शिडी मागून घेतली, पत्र्याची पन्हळ न् पन्हळ फवारली आणि माझी सही घेऊन गेला. दुकानदाराने त्याला चहा पाजला. शेडमध्ये आता एकही डास नाही.