जळगावात राहून इंडी रसिक कसं व्हावं

इंडी रॉकचं, म्हणजे मोठ्या कंपनीविना स्वतःच्या हिमतीवर केलेल्या रॉक संगीताचं, वेड लागायला पुण्या-मुंबईत जन्म घ्यावा लागतो, हा गैरसमज आधी काढून टाका. जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठेही हे वेड लावून घेता येतं. उलट आपल्याकडे स्पर्धा कमी, त्यामुळे नाव लवकर होतं. फक्त पथ्यं कडक पाळायची.

मुख्य पथ्य असं की दुसऱ्याला माहीत असलेला अल्बम आपल्याला आवडायचा नाही. कॉलेजातला एखादा पोरगा भाबडेपणाने म्हणाला, 'मला निर्वाणा बँडचा नेव्हरमाइंड आवडतो', तर उसासा टाकून विचारावं, 'ब्लीच ऐकलास का?' नेव्हरमाइंड १९९१चा, त्याच बँडचा ब्लीच १९८९चा. दोन वर्षं आधीचं आवडलं की माणूस दोन इयत्ता पुढे जातो. मग आवाज खाली आणून सांगावं की ब्लीच अवघ्या ६०६ डॉलरांत रेकॉर्ड झाला होता. इथे डोळे पाणावले तर उत्तम. उद्या त्या पोराने ब्लीचही ऐकला, तर आपण तो त्याच दिवशी सोडून द्यायचा.

टी-शर्ट लागेलच. जॉय डिव्हिजन बँडच्या १९७९च्या अननोन प्लेझर्स अल्बमचा घ्या, काळ्यावर पांढऱ्या नागमोडी रेघांचा. फुले मार्केटात तो घालून फिरलात की कुणीतरी विचारणारच, 'सातपुडा का हो हा?' तुम्ही गंभीरपणे सांगायचं, की नाही, पल्सर जातीच्या एका ताऱ्याकडून आलेल्या रेडिओलहरींचा हा आलेख आहे. त्यावर पुढचा प्रश्न येईल, 'दीडशेची का दोनशेवीसची?' उत्तर देऊ नये. रसिकाचं एकटेपण इथूनच सुरू होतं.

आता खरी परीक्षा. द व्हेल्व्हेट अंडरग्राउंड बँडचा द व्हेल्व्हेट अंडरग्राउंड अँड निको हा अल्बम, साल १९६७. कव्हरवर चित्रकार अँडी वॉरहॉलचं एकच पिवळं केळं. सुरुवातीच्या प्रतींवर त्याची साल म्हणजे स्टिकर होतं, ओढून काढलं की आत गुलाबी केळं. हे कव्हर मुंबईच्या मित्राला खुशाल दाखवा, चोपड्याच्या मामांना मात्र चुकूनही दाखवू नका. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. केळ्यावर मत द्यायचा पहिला हक्क मामांचा, समीक्षक नंतर. मामा चष्मा कपाळावर चढवतील, दोन बोटांनी फोटो मोठा करतील आणि विचारतील, 'हाई कोनतं शे? बसराई का ग्रँड नैन?' मग सालीवरचे काळे डाग एकेक करून बघतील आणि निकाल देतील, की माल जास्त पिकलाय, व्यापारी कटती लावल्याशिवाय हात लावणार नाही. आत गुलाबी निघतं म्हणालात, तर कोणता रोग पडला हे विचारायला कृषी सहायकाला फोन जाईल. अशा वेळी बँडचा गायक लू रीडच्या आवाजातला न्यूयॉर्कचा काळोख समजावून सांगायला बसू नये. निघाला तेव्हा हा अल्बम फारसा कुणी विकत घेतला नव्हता एवढंच सांगा. ते मामांना लगेच पटेल. 'कोन लेई असा माल?'

माय ब्लडी व्हॅलेंटाइन बँडचा लव्हलेस (१९९१) भुसावळच्या मे महिन्यातच ऐकावा. पारा पंचेचाळिशीला, खिडकीत कूलर फुल स्पीडवर आणि कानात केव्हिन शील्ड्सचं गिटार. त्यातलं गिटार कुठलं आणि कूलर कुठला, हे चांगल्या चांगल्या जाणकारांना सांगता येत नाही. अर्धं संगीत अचानक थांबलं की समजावं, लाइट गेली.

बॉन इव्हेअर नावाने गाणाऱ्या गृहस्थाच्या फॉर एमा या अल्बमसाठी एकांत हवा. त्या गृहस्थाने तो विस्कॉन्सिनच्या थंडीत, वडिलांच्या जंगलातल्या केबिनमध्ये एकट्याने रेकॉर्ड केला. तुम्हीही मळ्यातल्या खोलीत जाऊन दार लावून घ्या. पहिलं गाणं संपायच्या आत कुणीतरी दार वाजवेल, मोटार चालू का बंद ते विचारेल, तंबाखू मळत बाजेवर बसेल आणि तुमच्या कानातली वायर बघून म्हणेल, 'तब्येत बरी शे ना भो?' (अल्बम खरोखर फार सुंदर आहे. पण हे चारचौघांत बोलू नका. सुंदर म्हणून आवडला, असं सांगणं फारच सोपं होतं.)

रेडिओहेड बँडने २००७ साली इन रेनबोज हा अल्बम इंटरनेटवर ठेवला आणि म्हणाले, वाटेल तेवढे पैसे द्या, शून्यही चालेल. आठवडे बाजारात मेथीच्या जुडीसाठी हुज्जत घालणाऱ्या आपल्या लोकांसाठी यापेक्षा मोठी कलाकृती झाली नाही.

शेवटी लग्नसराई. इथे रसिकाचा खरा कस लागतो. मंडपात अहिराणी गाणं वाजेल. ते गावातल्याच पोरांनी केलेलं असतं: शब्द त्यांचे, चाल त्यांची, कॅमेरा मित्राचा, नाचणारी चुलत भावंडं, चॅनल स्वतःचं, पैसे कापूस विकून आलेले. मागे कंपनी नाही, मॅनेजर नाही. ते ऐकून नाक मुरडायचं आणि म्हणायचं, 'गावठी.' ६०६ डॉलरांची गोष्ट नेमकी अशा वेळी आठवू द्यायची नाही.

मावशी हात धरून ओढेल, 'चाल ना भो, नाच थोडा.' पाय हलले तर हलू द्या, तोंड मात्र वाकडंच ठेवा. आणि हो, त्या पोरांची नावं गुपचूप लिहून ठेवा. तीसेक वर्षांनी एखादी परदेशी कंपनी हीच गाणी जाडजूड रेकॉर्डवर महागात काढेल, तेव्हा 'आम्ही पहिल्या दिवसापासून ऐकत होतो' असं सांगायला तुमच्याकडे लग्नाचा व्हिडिओ असेल.