बरोबर मीटरची दुरुस्ती

मोटारीतला स्पीडोमीटर वेग मोजत नाही. तो चाकाचे फेरे मोजतो आणि बाकीचं मनाने ठरवतो. हे ठाऊक नव्हतं तोवर मी सुखात होतो.

मग टायर गुळगुळीत झाले. दुकानात माझ्या मापाचे शिल्लक नव्हते. टायरवाला म्हणाला, "जरा मोठे घाला साहेब, गाडीला रुबाब येतो." गाडीच्या रुबाबाआड आपण कशाला या, म्हणून घातले. रुबाब आलाही. पुढे एकदा मेहुणा शेजारी बसला, फोनवरचा जीपीएस उघडला, एकदा काट्याकडे आणि एकदा फोनकडे बघून गंभीर झाला.

"दाजी, तुमचा मीटर बिघडलाय."

"का? किती चुकतोय?"

"चुकत नाहीये ना! फोनवर ६०, काट्यावरही ६०. असं कुठे असतं?"

मेहुण्याचं हे विधान हसण्यावारी नेता आलं नाही, कारण ते खरं निघालं. कारखान्यातून निघालेला काटा मुद्दामच थोडा चढा दाखवतो. त्याला संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या वाहन नियमाचा आधार आहे, आणि बरेच देश तो मानतात. नियम म्हणतो, काट्याने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये. जास्त दाखवायला मात्र १० टक्के अधिक ४ किलोमीटर एवढी सूट. म्हणजे गाडी खरी १०० ने पळत असताना काटा ११४ म्हणाला तरी तो कायद्याने सभ्य, आणि ९९ म्हणाला तर गुन्हेगार. थाप मारायची मुभा एकाच दिशेने असलेलं दुसरं यंत्र मला तरी माहीत नाही.

माझा काटा आधी ६० ला ६३ सांगायचा. आता खरं बोलायला लागला, कारण टायर.

टायरच्या कडेला जे आकडे असतात ते मी आजवर शोभेचे समजत होतो. जुन्यावर होतं २०५/५५ आर १६, नव्यावर २१५/६० आर १६. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा टायरच्या भिंतीची उंची, पण ती मिलिमीटरमध्ये नव्हे, रुंदीच्या टक्क्यांत. तिसरा रिमचा व्यास, तो चक्क इंचांत. एकाच ओळीत तीन मापपद्धती नांदवणाऱ्याला माझा दंडवत. गणित केलं तर जुन्याचा व्यास निघतो ६३२ मिलिमीटर, नव्याचा ६६४. जुनं चाक किलोमीटरभरात ५०४ फेरे घ्यायचं, नवं ४७९ मध्ये उरकतं. मीटर बिचारा फेरे मोजणार, त्याला कोण सांगणार की फेरा मोठा झालाय! थाप पाच टक्क्यांची होती, टायरही पाच टक्क्यांनी वाढले, फिटंफाट.

मग गप्प बसायला काय हरकत होती? मी बसणारच होतो. पण किलोमीटर मोजणारा ओडोमीटर त्याच फेऱ्यांवर जगतो आणि काट्याची थाप सहसा त्याच्या वाट्याला येत नाही. तो आधी बरोबर होता, आता कमी मोजायला लागला. काटा सुधारला आणि किलोमीटर बिघडले! पंधराचं अ‍ॅव्हरेज देणारी गाडी कागदावर सव्वाचौदा देऊ लागली. घरात पेट्रोलवरून प्रश्न आले. "गाडी जास्त पीत नाही, मीटर कमी मोजतो," हे मी ज्या स्वरात सांगितलं, त्या स्वरातल्या माणसावर मीही विश्वास ठेवला नसता.

शेवटी मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी आधी जुन्या काळाची महती सांगितली. तेव्हा गिअरबॉक्समधून एक केबल निघून मीटरपर्यंत यायची. तिच्या टोकाला फिरणारं चुंबक, त्याच्याभोवती अ‍ॅल्युमिनियमची वाटी. चुंबक वाटीला न शिवता ओढणार, बारीक स्प्रिंग तिला मागे खेचणार, आणि या ओढाताणीत काटा जिथे थांबेल तो वेग. टायर मोठा घातला की केबलचं दातेरी चक्र बदलायचं. वीस दातांच्या जागी एकोणीस दातांचं बसवलं की काटा पाच टक्के वर. "आणि फरक अडीच टक्क्यांचा असला तर?" मेहुण्याने विचारलं. मिस्त्रींनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "अर्धा दात मिळत नाही," ते म्हणाले.

माझ्या गाडीत दातांचा प्रश्न नव्हता, चाकाचा घेर मिलिमीटरमध्ये संगणकात भरायचा होता. व्यास मी कागदावर काढलाच होता, त्याला गणितातल्या 'पाय'ने (π) गुणून २०८७ हा आकडा तोंडावर फेकला. मिस्त्रींनी तो ऐकून घेतला आणि खिशातून खडू काढला. टायरमध्ये हवा भरली, टायर जिथे टेकतो तिथे त्याच्यावर एक रेघ आणि खाली जमिनीवर एक रेघ. मला आत बसवलं, कारण वजनाने टायर दबतो. मेहुण्याला ढकलायला लावलं, कारण तो रिकामा होता. रेघ वर गेली, मागून फिरली, पुन्हा जमिनीला टेकली, तिथे दुसरी खूण. टेप लावली तर माझ्या आकड्यापेक्षा जवळपास पाच सेंटीमीटर कमी! मिस्त्री काही बोलले नाहीत. खडू पुसून खिशात ठेवला.

नवा घेर भरताच किलोमीटर सरळ झाले, आणि कारखान्याने मिसळलेली थापही हजर झाली. फोनवर ६०, काट्यावर ६३. मिस्त्री म्हणाले, "आता बरोबर." बिलावर 'स्पीडोमीटर दुरुस्ती' असं लिहिलं. टायर झिजले की ते लहान होतील, काटा आणखी चढेल, पण काळजी नको, तेही नियमात बसतं, असा दिलासाही दिला.

वेग वाढला की वाजणारी घंटी मी पूर्वीपासून ८० ला लावलेली आहे. हल्ली ती खऱ्या ७६ लाच वाजते. बायको म्हणते, "हळू चालवा." मेहुणा मागच्या सीटवरून फोन पुढे करतो, आणि फोनवरचा आकडा बायकोला दिसत नाही म्हणून ती मलाच पुन्हा सांगते.